बहुमत असूनही अमेरिकेचं सरकार बंद का पडतं?

प्रश्न असा आहे: "राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन, सिनेट रिपब्लिकन, प्रतिनिधीगृहही रिपब्लिकन. तरी २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमेरिकेचं सरकार ४३ दिवस बंद कसं राहिलं? आपल्याकडे असं का होत नाही? आणि दर दोन-चार वर्षांनी हेच होत असेल तर कायदा करून कायमचं थांबवत का नाहीत? माझा मुलगा तिकडे एच-१बी वर आहे, त्याच्या कामावर याचा परिणाम होतो का?"

मी अमेरिकेतल्या एका फेडरल खात्याच्या बजेट शाखेत बरीच वर्षं होते. सरकार बंद पडण्याची चिन्हं दिसू लागली की कुणाला घरी पाठवायचं आणि कुणाला बिनपगारी कामावर ठेवायचं, याच्या याद्या आमच्याकडे व्हायच्या. आता निवृत्त झाले आहे, त्यामुळे जरा मोकळेपणाने लिहिते. आणि हो, खाली जिथे 'काँग्रेस' म्हटलं आहे तिथे अमेरिकेची संसद समजा, आपला पक्ष नव्हे.

थेट उत्तर हवं असेल तर एवढंच: खर्चाचं विधेयक सिनेटमध्ये पुढे सरकायला ६० मतं लागतात आणि रिपब्लिकनांकडे ५३ होती. पैसे मंजूर नसले की कचेऱ्यांना कुलूप लावायचं, हे त्यांच्या राज्यघटनेत कुठेही लिहिलेलं नाही. ते आलं १९८० साली एका ॲटर्नी जनरलने दिलेल्या कायदेशीर मतातून. कायदा करून ते थांबवता येईल, तसे मसुदे वर्षानुवर्षं पडून आहेत. पण २०२५ मध्ये जे झालं त्याच्या मुळाशी वेगळंच भांडण आहे, असं माझं मत आहे: काँग्रेसने मंजूर केलेला पैसा राष्ट्राध्यक्षाने खर्च केलाच पाहिजे का? हा प्रश्न सुटत नाही तोवर बाकीचे उपाय वरवरचे आहेत.

आपल्याकडे असं का होत नाही ते आधी घेते, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे. कायद्याने मंजुरी मिळाल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढायचा नाही, हा नियम दोन्ही देशांत आहे. आपल्याकडे घटनेच्या ११४ व्या कलमात, त्यांच्याकडे पहिल्या कलमाच्या नवव्या विभागात. म्हणजे विनियोजन विधेयक (तिजोरीतून खर्चाला मंजुरी देणारं विधेयक) ३१ मार्चच्या आत झालं नाही तर कागदोपत्री आपलीही तिजोरी बंदच. पण आपण त्याची सोय करून ठेवली आहे. ११६ व्या कलमाखाली लेखानुदान, म्हणजे पूर्ण बजेट होईपर्यंतच्या खर्चापुरती मंजुरी, घेता येतं. लोकसभा निवडणुकीच्या वर्षी तर ते ठरलेलंच असतं. राज्यसभेला धन विधेयक १४ दिवसांपलीकडे अडवून ठेवता येत नाही. आणि मुख्य म्हणजे लोकसभेत सरकारची एखादी मागणी फेटाळली गेली, धोरणाला विरोध म्हणून मागणी एक रुपयावर आणणारी कपात सूचना जरी मंजूर झाली, तरी तो अविश्वासच मानला जातो. ज्याच्याकडे बहुमत नाही तो खुर्चीवरच राहत नाही. त्यामुळे सरकार आहे पण पैसे नाहीत, अशी अवस्था येत नाही.

याची किंमत आपण वेगळ्या रीतीने मोजतो. चर्चेला न आलेल्या मागण्या शेवटी 'गिलोटिन' लावून, म्हणजे एकगठ्ठा, चर्चेशिवाय मंजूर होतात, आणि नागपूरच्या अधिवेशनात हजारो कोटींच्या पुरवणी मागण्या किती वेळात हातावेगळ्या होतात हे तुम्ही पेपरात वाचताच. अमेरिकेत खर्चाच्या ओळीन् ओळीवर भांडतात. भांडण मिटलं नाही तरी कुणी पायउतार होत नाही, कारण राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी निवडून आलेला असतो आणि सिनेटर सहा वर्षांसाठी.

आता तिथली व्यवस्था. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी काँग्रेसने १२ वेगवेगळी विनियोजन विधेयकं मंजूर करायची असतात: संरक्षणाचं एक, शेतीखात्याचं एक, वाहतूक आणि गृहनिर्माणाचं एक, असं. सध्याची पद्धत १९७४ च्या कायद्याने बसवली आणि १९७७ च्या आर्थिक वर्षापासून ती चालू आहे. तेव्हापासून सगळी विधेयकं वेळेत झाली अशी आर्थिक वर्षं फक्त चार: १९७७, १९८९, १९९५ आणि १९९७. बाकी सगळी वर्षं 'कंटिन्युइंग रिझोल्यूशन'वर निघाली. ऑफिसात त्याला कुणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, सगळे 'सीआर' म्हणतात. आपल्या लेखानुदानाचा हा भाऊच: गेल्या वर्षीच्या दराने खर्च चालू ठेवा, नवीन काही सुरू करू नका. बाहेरून हे निरुपद्रवी दिसतं. आत बसलेल्याला त्याचा जाच कळतो. भरती थांबते, नवी कंत्राटं थांबतात, मग मार्च-एप्रिलमध्ये अख्ख्या वर्षाचे पैसे हातात पडतात आणि ते सप्टेंबरअखेर बांधून टाकायचे असतात. तुमच्याकडची मार्च एंडची धावपळ आम्ही सप्टेंबरात करायचो.

एक गैरसमज मात्र काढून टाका. 'सरकार बंद' म्हणजे सगळं बंद नव्हे. फेडरल सरकार वर्षाला साधारण ७ लाख कोटी डॉलर खर्च करतं. त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश रकमेला दरवर्षीची मंजुरी लागतच नाही. सोशल सिक्युरिटीची पेन्शन, वृद्धांचं मेडिकेअर, कर्जावरचं व्याज, हे चालूच राहतं. अडतो तो उरलेला पाव हिस्सा, आणि त्यातला जवळपास निम्मा संरक्षणाचा. म्हणून बंदमुळे सरकारचा खर्च आटोक्यात येतो असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. घरी बसलेल्यांना मागाहून पूर्ण पगार मिळतो, म्हणजे काम न करता पगार. २०२५ च्या सहा आठवड्यांच्या बंदमुळे अर्थव्यवस्थेचं कधीच भरून न निघणारं नुकसान सुमारे ११ अब्ज डॉलर होईल, असा काँग्रेसच्याच बजेट कार्यालयाचा अंदाज होता.

मग कुलूप लावायची प्रथा कुठून आली? एकोणिसाव्या शतकात खाती एक चलाखी करत. वर्षाचे पैसे सहा-आठ महिन्यांत संपवायचे आणि काँग्रेसपुढे उभं राहायचं: आता काम थांबवू का? काँग्रेसला मुकाट्याने पैसे द्यावे लागत. त्याला लगाम घालायला १८७० साली अँटीडेफिशियन्सी ॲक्ट आला. मंजुरीपेक्षा जास्त खर्च नाही, मंजुरीच्या आधी करार नाही, आणि १८८४ पासून फुकट सेवा घेणंही नाही. ही शेवटची अट अनेकांना विचित्र वाटते. पण आज 'फुकट' राबलेला माणूस उद्या मोबदल्याची मागणी घेऊन येतो आणि मग पुन्हा काँग्रेसचा नाइलाज, अशी ती भानगड होती.

हा कायदा असूनही १९७० च्या दशकात मंजुरी लांबली तर कचेऱ्या चालूच राहत. प्रवास, बैठका, नव्या नेमणुका आवरत्या घ्यायच्या आणि पैसे येतीलच या भरवशावर काम करायचं. कार्टर यांचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी एप्रिल १९८० मध्ये मत दिलं की कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत, मंजुरी संपली की काम बंद. पुढच्याच आठवड्यात, १ मे रोजी फेडरल ट्रेड कमिशन एक दिवस बंद राहिलं. जानेवारी १९८१ मध्ये त्यांनी दुसरं मत देऊन अपवाद सांगितले: माणसांचा जीव आणि मालमत्तेचं रक्षण. पुढे १९९० मध्ये काँग्रेसने तो अपवाद आणखी आवळला, म्हणजे आता नुसतं मत बदलून भागणार नाही. मूळ कायदा काँग्रेसचा खजिना खात्यांपासून वाचवण्यासाठी होता. शंभर वर्षांनी तोच कायदा काँग्रेसमधल्या एका गटाने दुसऱ्याला वेठीला धरण्याचं साधन झाला, आणि हे कुणी ठरवून केलं असंही नाही.

आमच्या शाखेतून हे कसं दिसायचं ते सांगते. प्रत्येक खात्याला बंदचा आराखडा तयार ठेवावा लागतो. कर्मचाऱ्यांचे तीन ढीग करायचे. ज्यांचा पगार शुल्कातून किंवा आधीच्या शिलकीतून निघतो ते 'एग्झेम्प्ट', त्यांना काहीच फरक पडत नाही. जीव किंवा मालमत्ता सांभाळणारे 'एक्सेप्टेड', ते कामावर येणार पण पगार बंद उठल्यावर. बाकीचे 'फर्लो', घरी. ऐकायला सोपं आहे. आता एक प्रयोगशाळा घ्या. उंदरांना खायला घालणारा माणूस एक्सेप्टेड, कारण उंदीर सरकारी मालमत्ता आहेत. त्या उंदरांवर तीन वर्षं प्रयोग करणारी शास्त्रज्ञ मात्र फर्लो, कारण प्रयोग थांबल्याने कुणाच्या जिवाला तातडीचा धोका नाही. उणे ८० अंशांच्या फ्रीजरचा अलार्म रात्री वाजला तर तो ऐकायला कुणीतरी हवा, म्हणून एक तंत्रज्ञ एक्सेप्टेड. पण फक्त अलार्मपुरता. तिथे असताना त्याने एखादा नमुना तपासून टाकला तर तो नियमभंग. अशा एकेका नावावर आमची आणि कायदा शाखेची तासन् तास घासाघीस चालायची.

बंदच्या पहिल्या सकाळी फर्लोवालेही येतात, पण चार तासांपुरते. नोटिशीवर सही करायची, फोनवर निरोप ध्वनिमुद्रित करायचा, ईमेलला आपोआप जाणारं उत्तर लावायचं, फ्रीजमधलं नासणारं खाणं घरी न्यायचं. त्यानंतर ऑफिसचा लॅपटॉप उघडायचा नाही. घरबसल्या एखाद्या मेलला उत्तर देणंसुद्धा 'फुकट सेवा' ठरतं. पगाराच्या दिवशी रीतसर पावती येते, खाली रक्कम शून्य. २०१९ च्या कायद्याने कर्मचाऱ्यांना मागचा पगार मिळण्याची हमी दिली आहे. (२०२५ मध्ये व्हाइट हाउसच्या बजेट कार्यालयाने त्या हमीवरही शंका काढून पाहिली. शेवटी पगार मिळाले.) पण ही हमी कंत्राटी माणसांना नाही. झाडूपोछा करणारे, दारावरचे पहारेकरी, कॅन्टीनवाले यांचे ते दिवस बुडतात. २०१८-१९ चा बंद ३५ दिवस चालला. आमच्या कॅन्टीनचा सकाळचा काउंटर सांभाळणाऱ्या बाई फेब्रुवारीत परत आल्या तेव्हा आम्हा सगळ्यांचे पगार जमा झाले होते. त्यांच्या हाती काही नव्हतं.

आता साठ मतांचं गणित. सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदान घ्यायचं तर शंभरातल्या साठ जणांची संमती लागते. अडवून धरणं म्हणजे फिलिबस्टर. हा घटनेतला नियम नव्हे, सिनेटने स्वतःला घालून घेतलेला नियम आहे. साठचा आकडा तर १९७५ चा. नेमणुकांसाठी तो मोडला गेला आहे: २०१३ मध्ये डेमोक्रॅट्सनी न्यायाधीश आणि अधिकाऱ्यांसाठी, २०१७ मध्ये रिपब्लिकनांनी सर्वोच्च न्यायालयासाठी. कर आणि अनिवार्य खर्चाच्या काही बाबींसाठी 'रिकन्सिलिएशन' नावाची आडवाट आहे, तिथे साधं बहुमत पुरतं. ट्रम्प यांचा जुलै २०२५ चा मोठा कायदा त्याच वाटेने गेला, ५१ विरुद्ध ५०, उपाध्यक्ष व्हॅन्स यांच्या निर्णायक मताने. वार्षिक विनियोजन विधेयकांना मात्र साठ मतं लागतात. म्हणून वर्षभर हात चोळत बसलेल्या विरोधी पक्षाला ३० सप्टेंबर ही एकच तारीख अशी मिळते, जेव्हा सत्ताधाऱ्यांना त्याच्याकडे यावंच लागतं. ऑक्टोबरअखेर ट्रम्प यांनी फिलिबस्टरच काढून टाका म्हणून आग्रह धरला. सिनेटमधले त्यांचे नेते जॉन थून बधले नाहीत. उद्या आपण अल्पमतात गेलो की हाच नियम आपल्याला वाचवील, हा हिशेब तिथले जुने सिनेटर कधी विसरत नाहीत.

२०२५ चं भांडण वरवर आरोग्यविम्याचं होतं. ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याखाली (ओबामाकेअर) बाजारातून स्वतः विमा घेणाऱ्यांना हप्त्यासाठी सरकारी मदत मिळते. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये ती वाढवली, आणि दारिद्र्यरेषेच्या चौपटीवर जी मर्यादा होती तीही काढली. ही वाढ २०२५ च्या शेवटी संपणार होती. या बाजारातून सुमारे २ कोटी ४० लाख लोक विमा घेत होते आणि बहुतेकांना ही मदत होती. केएफएफ या आरोग्यधोरण संस्थेचा अंदाज होता की मदत घेणाऱ्याचा सरासरी वार्षिक हप्ता ८८८ डॉलरवरून १,९०४ वर जाईल. डेमोक्रॅट्स म्हणाले, ही मुदत वाढवा, मग मतं देतो. रिपब्लिकनांचं म्हणणं दोन पदरी होतं. एक, सरकार चालू ठेवण्याच्या विधेयकात धोरणाच्या अटी घुसडू नका. दोन, महामारीपुरता दिलेला हा लाभ आहे, पैसा विमा कंपन्यांच्या खिशात जातो आणि विमा महाग का आहे हा प्रश्न झाकला जातो. ही मदत कायमची करायची तर दहा वर्षांत ३५० अब्ज डॉलर लागतील आणि ३८ लाख जादा लोक विम्याखाली येतील, असा काँग्रेसच्या बजेट कार्यालयाचा हिशेब. या दोनपैकी कुठला आकडा तुम्हाला जास्त बोचतो त्यावरून तुमचा पक्ष ओळखता येतो. रिपब्लिकनांच्या पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. फक्त २०१३ मध्ये याच विमा कायद्याचा पैसा अडवण्यासाठी त्यांनीच सरकार १६ दिवस बंद पाडलं होतं.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. तेच विधेयक सिनेटमध्ये पुन्हा पुन्हा आणलं गेलं आणि पडलं. प्रतिनिधीगृहाच्या सभापतींनी सदस्यांना १९ सप्टेंबरनंतर बोलावलंच नाही. शेवटी ९ नोव्हेंबरला डेमोक्रॅट गटातले आठ सिनेटर पलीकडे गेले, साठ भरले, आणि १२ तारखेच्या रात्री सही झाली. बदल्यात मिळालं काय, तर विम्याच्या मदतीवर डिसेंबरात मतदान घेण्याचं आश्वासन. मतदान झालं, साठ मतं मिळाली नाहीत, ३१ डिसेंबरला वाढीव मदत संपली. हे नेहमीचंच आहे. २०१३ मध्ये ओबामाकेअर जागेवर राहिलं. २०१८-१९ मध्ये ट्रम्प यांनी मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर मागितले, काँग्रेसने दिले १.३७५ अब्ज. सरकार बंद पाडून मागितलेलं पूर्ण पदरात पडलं, असं मोठं उदाहरण मला आठवत नाही.

कारण साधं आहे. बंद विरोधी पक्ष पाडू शकतो, पण त्याची झळ कुणाला लागावी हे बरंचसं राष्ट्राध्यक्षाच्या हातात असतं. २०१३ मध्ये ओबामा सरकारने राष्ट्रीय उद्यानं आणि स्मारकं बंद केली; वॉशिंग्टनच्या युद्धस्मारकावर म्हातारे सैनिक अडथळे हटवून आत शिरले, ती चित्रं जगभर गेली. २०१८-१९ मध्ये ट्रम्प सरकारने उद्यानं उघडी ठेवली, कचऱ्याचे ढीग साचले, आणि त्यासाठी वापरलेला पैसा बेकायदा होता असं सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने नंतर सांगितलं. कायदा तोच, निर्णय उलटे.

२०२५ मध्ये ही मोकळीक फार पुढे गेली. सैनिकांचे पगार संशोधनासाठी मंजूर झालेल्या पैशातून काढले. वर एका खासगी देणगीदाराचे १३ कोटी डॉलरही घेतले. ४ कोटी २० लाख लोकांची अन्नमदत मात्र नोव्हेंबरात अडकली आणि प्रकरण खालच्या कोर्टांपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यूयॉर्कमधल्या रेल्वेच्या दोन प्रकल्पांचे १८ अब्ज डॉलर रोखून धरले. डेमोक्रॅट राज्यांतले सुमारे ८ अब्जांचे ऊर्जाप्रकल्प रद्द केले. ऐन बंदमध्ये चार हजारांच्या आसपास कर्मचाऱ्यांना कायमचं काढण्याच्या नोटिसा गेल्या. त्या नोटिसा आधी न्यायालयाने अडवल्या आणि शेवटच्या समझोत्यात मागे घ्यायला लावल्या. आमच्या वेळी पक्ष कुठलाही असो, आराखड्यातल्या नावामागे जीव-मालमत्तेची कसोटी दाखवावी लागे. ती कसोटी पुरेशी नव्हती, पण होती.

इथून मूळ मुद्द्याकडे येते. काँग्रेसने मंजूर केलेला पैसा राष्ट्राध्यक्षाने अडवून ठेवणं याला 'इम्पाउंडमेंट' म्हणतात. निक्सन यांनी ते इतकं केलं की १९७४ मध्ये काँग्रेसने कायदाच केला: पैसा नको असेल तर राष्ट्राध्यक्षाने तसा प्रस्ताव पाठवावा, ४५ दिवसांत काँग्रेसने मान्य केला तर ठीक, नाही तर खर्च करावा. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका खटल्यात निक्सन यांच्या विरोधात कौल दिला. ट्रम्प यांचे बजेटप्रमुख रसेल व्होट यांचं म्हणणं वेगळं. मंजूर रक्कम ही खर्चाची कमाल मर्यादा आहे, सक्ती नव्हे. राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी १८०३ मध्ये तोफांच्या नौकांसाठी दिलेले ५० हजार डॉलर गरज नाही म्हणून खर्च केले नव्हते. आणि १९७४ चा कायदाच घटनाबाह्य आहे, असं ते म्हणतात. हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. पण गरज नाही म्हणून पैसे वाचवणं आणि धोरण पटत नाही म्हणून ते अडवणं यात फरक आहे, आणि जेफरसन यांचं उदाहरण पहिल्यात बसतं.

२०२५ मध्ये काय झालं ते पाहा. जुलैमध्ये काँग्रेसने ९ अब्ज डॉलर परत घेतले. त्यात परदेशी मदत होती आणि सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचे १.१ अब्जही. ही रद्दबातल करण्याची विधेयकं साध्या बहुमताने होतात. म्हणजे साठ मतांनी, दोन्ही पक्षांनी मिळून जे ठरवलं ते एकाच पक्षाने साध्या बहुमताने मोडायचं. कायद्यात बसतं, पण समझोत्याला अर्थ उरत नाही. पुढे ऑगस्टअखेर आणखी ४.९ अब्जांचा प्रस्ताव गेला, अशा तारखेला की ४५ दिवस पुरे होण्याआधी आर्थिक वर्षच संपावं आणि पैसा आपोआप बुडावा. लेखापरीक्षण कार्यालयाच्या मते हे बेकायदा. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबरला, बंदच्या पाच दिवस आधी, त्यातले सुमारे ४ अब्ज तूर्त रोखून ठेवायला परवानगी दिली.

अशा आठवड्यात तुम्ही डेमोक्रॅट सिनेटर असता तर खर्चाच्या विधेयकाला मत देऊन काय मिळवलं असतं? तुमच्या राज्याच्या रुग्णालयासाठी भांडून एक ओळ घालून घ्याल, आणि मार्चमध्ये ती अडवली जाईल. सीआरला साठ मतं मिळेनात यामागे विम्याइतकंच हेही कारण होतं, पण ते सभेत सांगून टाळ्या मिळत नाहीत. विम्याचा हप्ता दुप्पट होणार हे सांगता येतं.

म्हणून "कायदा करून थांबवत का नाहीत" याचं उत्तर जरा तिरकं आहे. उपाय माहीत आहे: मंजुरी लांबली तर जुना दर आपोआप चालू. विस्कॉन्सिन राज्यात तसंच आहे. स्पेनमध्ये जुनं बजेट पुढे चालू राहतं. बेल्जियम २०१०-११ मध्ये ५४१ दिवस नवं सरकार स्थापन करू शकला नाही, पण दर महिन्याला मागच्या बजेटचा बारावा हिस्सा वापरून कारभार चालला. विनियोजन समितीतल्या लोकांची याला जुनी हरकत आहे आणि ती मला पटते. जुना दर ज्याला सोयीचा आहे तो मग बोलणीला कधीच बसणार नाही, महागाईने दरवर्षी आपोआप कपात होईल, आणि काँग्रेसच्या हातातली एकुलती एक तारीखही जाईल. त्यापेक्षा सिनेटर लँकफर्ड आणि हॅसन यांचा दोन्ही पक्षांचा मसुदा बरा वाटतो: सरकार चालू राहील, पण विधेयकं होईपर्यंत सदस्यांना वॉशिंग्टन सोडता येणार नाही आणि दुसरं कुठलं काम हाती घेता येणार नाही. कर्मचाऱ्यांऐवजी सदस्यांना बसवून ठेवायचं. मात्र मंजूर पैसा खर्च होईल याची सोय त्याच कायद्यात नसेल तर मी त्याच्या बाजूने मत देणार नाही. नुसता आपोआप चालणारा सीआर आणि पैसा अडवण्याची मुभा हे दोन्ही एकत्र आले तर काँग्रेसने वर्षभर काहीच न करणं हे राष्ट्राध्यक्षाच्या सर्वांत सोयीचं होईल.

राहिला तुमच्या मुलाचा प्रश्न. इमिग्रेशन खातं आणि मुंबईतला अमेरिकन वाणिज्य दूतावास मुख्यतः अर्जदारांच्या शुल्कावर चालतात, त्यामुळे बंदमध्येही तिथलं काम साधारणपणे सुरू राहतं. अडतं ते कामगार खात्याकडे. एच-१बी चा नवा अर्ज, मुदतवाढ किंवा कंपनीबदल, यासाठी आधी त्या खात्याचं एलसीए (पगार आणि कामाच्या अटींबद्दल कंपनीने दिलेल्या हमीचं) प्रमाणपत्र लागतं, आणि ग्रीन कार्डाचं 'पर्म' (त्या कामाला स्थानिक माणूस मिळत नसल्याचं प्रमाणपत्र) ही तिथूनच निघतं. २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून ही यंत्रणा बंद होती आणि ३१ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. मधल्या महिन्यात ज्यांची मुदत संपत होती आणि एलसीए हातात नव्हतं त्यांची फार ओढाताण झाली. एलसीए नव्या मुदतीच्या सहा महिने आधीपर्यंत काढता येतं आणि एरवी सात कामाचे दिवस पुरतात. मुलाची मुदत ऑक्टोबर ते जानेवारीत संपत असेल तर कंपनीच्या वकिलाला ते ऑगस्टमध्येच काढायला सांगा. मुदतवाढीचा अर्ज वेळेत दाखल झाला असेल तर निर्णय येईपर्यंत त्याच कंपनीत २४० दिवस काम करता येतं.